डोक्यावरून वर गेलेलं गाव

१८५० सालचा मे महिना. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट फिरतीवर होता आणि त्याचा तळ चौकला पडला होता. चौक हे पनवेलहून बोरघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. तिथून उत्तरेला मान वर केली की कातळाची उभी भिंत दिसते आणि तिच्या माथ्यावर झाडीची हिरवी रेघ. कोकणातल्या उकाड्यात त्या रेघेकडे नुसतं बघत बसणं कुठल्याही इंग्रजाला जड गेलं असतं. एका संध्याकाळी साहेब पाय मोकळे करायला निघाला तो घळीतून चढत चढत, आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या सुळक्याच्या शेजारून थेट कड्याच्या माथ्यावर पोचला. दुसऱ्या दिवशी चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन तो पुन्हा वर गेला, रान हिंडला आणि रामबागेच्या बाजूनं खाली उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात परत येऊन त्यानं झोपडी उभारली, वाटा करवून घेतल्या. पुढच्या वर्षी तिथं त्याचं घर उभं राहिलं.

माथेरानच्या शोधाची गोष्ट ही एवढीच, आणि ती पावणेदोनशे वर्षं जशीच्या तशी सांगितली जाते. या गोष्टीत चौकचा पाटील दुसऱ्या दिवशी हळूच येतो आणि लगेच नाहीसा होतो. पण वाट त्याला ठाऊक होती. ज्या डोंगरावर माणसाचं पाऊल पडलेलं नाही तिथं पाटलाला नेण्याची गरज पडत नाही. माथ्यावर धनगरांचा वावर होता, म्हशी चरत होत्या. खालच्या पदरावर आणि उतारांवर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या होत्या. रानात पिसारनाथाचं ठाणं होतं. पुढं त्याच्या शेजारी बांध घालून साठवलेल्या पाण्याला शार्लट तलाव म्हणू लागले, पण गावचं दैवत आजही पिसारनाथच आहे. तेव्हा १८५० साली शोध कुणाचा लागला असेल तर तो या लोकांचा सरकारला लागला, असं म्हणणं जास्त सरळ होईल. त्यांच्या दृष्टीनं ती काही आनंदाची बातमी नव्हती.

मॅलेट हे नाव मराठी माणसाला परकं वाटू नये. ह्यूचे वडील सर चार्ल्स वॉरे मॅलेट हे सवाई माधवरावांच्या दरबारातले कंपनीचे पहिले रेसिडेंट. १७९० साली टिपूविरुद्ध पेशव्यांशी जो तह झाला तो यांच्याच खटपटीनं. त्या दरबाराचं थॉमस डॅनियलनं केलेलं मोठं तैलचित्र अनेकांनी पुस्तकांत पाहिलं असेल: गणेश रंगमहाल, मधोमध कोवळा पेशवा आणि शेजारी टोपीवाले. बाप शनिवारवाड्यात पाहुणा म्हणून बसला आणि साठ वर्षांनी मुलगा त्याच मुलखात धनी म्हणून हिंडला. त्याचा भाऊ आर्थर हाही मुंबई सरकारच्या नोकरीत होता आणि माथेरानच्या पहिल्या काही घरमालकांत त्याचंही नाव येतं. डोंगर जणू घरातल्या घरात वाटून घेतला गेला.

तसं पाहिलं तर ही चाल नवी नव्हती. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ साली निलगिरीवर चढला आणि तोडा, बडगा लोकांच्या कुरणांवर उटी वसलं. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कमसाहेब याच्या कारकिर्दीत महाबळेश्वर झालं. १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंगचा डोंगर घेतला, तेव्हा तिथं लेपचा राहत होते. प्रत्येक ठिकाणी गोष्टीचा साचा एकच: साहेबाला ताप, साहेबाला थंड हवा, साहेबाचा बंगला. मूळच्या लोकांना त्यात जागा मिळते ती दूधवाला, हमाल किंवा फोटोतला नमुना म्हणून. माथेरानचा फरक इतकाच की ते मुंबईच्या अगदी दाराशी होतं. पॅनोरामा पॉइंटवरून स्वच्छ दिवशी मुंबईची खाडी दिसते. सिमल्याला जायला आठवडे लागत, इथं शनिवारी निघून सोमवारी कचेरीत हजर होता यायचं.

आता त्या काळचा मुलूख डोळ्यांसमोर आणा. माथेरानच्या पश्चिमेला प्रबळगड आहे. १८२६ च्या सुमारास काही काळ तिथं इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या उमाजी नाईकांचा आसरा होता, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात आहे. मॅलेट चौकला उतरला त्याच्या दोनच वर्षं आधी, २ मे १८४८ रोजी, महादेव कोळ्यांचा बंडकरी राघोजी भांगरे याला ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढवलं होतं. सह्याद्रीच्या रानातले लोक कंपनी सरकारपुढं सहज वाकलेले नव्हते. अशा वेळी कलेक्टर डोंगरात शिरतो तो निव्वळ गार वाऱ्यासाठी, हे मला पूर्ण पटत नाही. निदान परिणाम तरी तेवढ्यापुरता राहिला नाही. जिथं बंगला होतो तिथं रस्ता होतो, रस्त्यामागून चौकी येते आणि चौकीपाठोपाठ रानाची मोजणी.

गावाची वाढ झपाट्यानं झाली. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन १८५५ साली वर आला, त्याला जागा आवडली आणि एल्फिन्स्टन लॉज बांधायला काढला. गव्हर्नर गेला म्हणजे बाकीच्यांना जाणं भागच. १२ मे १८५६ ला कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि नेरळ हे पायथ्याचं गाव मुंबईशी जोडलं गेलं. चौकची वाट मागं पडली, नेरळचा रस्ता पुढं आला. इंग्रजांपाठोपाठ पारशी, बोहरी, गुजराती शेटजींचे बंगले झाले. टोकांना नावं पडली: अलेक्झांडर, गार्बट, लुइसा, एको, पॉर्क्युपाइन. रामबाग, चौक, मलंग अशी दोन-चार जुनी नावं तेवढी तगली.

आता माथेरानचं जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, त्याकडे येतो. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर, माथेरान सुमारे आठशे. मधला चढ साताठशे मीटरचा. १९०७ पर्यंत या चढाला गाडी नव्हती. म्हणजे पहिली सत्तावन्न वर्षं हे गाव उभं राहिलं ते बैल, तट्टू आणि माणूस यांच्या पाठीवर. जांभा दगड वरच मिळत होता, पण कौलं, चुना, लोखंड, काचा, पलंग, आरसे, तांदूळ, पीठ, दारूच्या बाटल्या हे सगळं खालून यायचं. साहेब आणि मडमा तट्टूवर नाही तर पालखीत. पालखी माणसांच्या खांद्यावर. आणि रोजची रसद, म्हणजे दूध, लोणी, कोंबड्या, अंडी, भाजी, गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या, ही आसपासच्या वाड्यांतल्या धनगर, ठाकर आणि कातकऱ्यांच्या डोक्यावरून यायची.

मोळी डोक्यावर घेऊन चढणं म्हणजे काय, हे सपाटीवरच्या माणसाला नीटसं कळत नाही. आधी लाकूड तोडायचं, ते सारख्या लांबीचं करायचं, वेलानं दोन जागी आवळायचं. डोक्यावर फडक्याची चुंबळ. मोळी एकटीला उचलता येत नाही, दुसरीनं हात लावावा लागतो आणि मग दुसरीला हात लावायला तिसरी लागते. म्हणून बायका जथ्यानं चालतात. चढावर मान हलवायची नाही, नजर पुढच्या पावलावर. थांबायचं तर ओझं उतरवून चालत नाही, कारण परत चढवणार कोण? मग एखाद्या उंच कातळाला पाठ लावून मोळीचा भार त्याच्यावर टेकवायचा आणि उभ्याउभ्या दम खायचा. जुन्या पायवाटांवर असे धोंडे हमखास सापडतात. अंधारात वाडी सोडली की उन्हं चढायच्या आत माथा गाठता येतो. बंगल्याच्या मागच्या दारी खानसामा भाव पाडणार. ओझं परत न्यायची तयारी नसल्यामुळे तो म्हणेल तो भाव. मग बाजारातून मीठ-मिरची, थोडं तेल घेऊन त्याच वाटेनं खाली.

माथेरानचे डॉक्टर आणि सुपरिंटेंडेंट असलेल्या जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ साली या डोंगरावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा मराठी अर्थ असा होतो: माथेरान डोंगर, तिथली माणसं, वनस्पती आणि प्राणी. डॉक्टर जाणकार होते आणि त्यांना या लोकांबद्दल कुतूहल होतं, हे मान्य. पण माणसं, झाडं आणि जनावरं एकाच ओळीत बसवताना त्यांचा हात अडखळला नाही. बंगलेवाली माणसं त्या यादीतल्या ‘माणसां’त मोडत नव्हती, हे सांगायला नको.

धनगर, ठाकर आणि कातकरी ही तीन नावं आपण एका दमात घेतो, पण ती तीन वेगळी जगणी आहेत. डोंगरातले धनगर मेंढरांपेक्षा गाई-म्हशी राखणारे. दूध आणि लोणी हा त्यांचा धंदा, त्यामुळे बंगल्यांशी त्यांचं गणित त्यातल्या त्यात जुळलं. ठाकर हे उतारावरचे शेतकरी. राब भाजायचा, म्हणजे फांद्या-पाला जाळून जमीन तयार करायची, वरकस जमिनीत नाचणी-वरी घ्यायची, रानभाज्या, मध, कंदमुळं आणि शिकार यांवर वर्ष काढायचं. ठाकरांना डोंगराची खडान्‌खडा माहिती. त्यांच्यातही म ठाकर आणि क ठाकर असे भेद आहेत, ते आपापसात पाळले जातात.

कातकऱ्यांची गोष्ट सर्वांत वाईट, आणि तिचा थेट संबंध पानाच्या विड्याशी आहे. कात करणारे ते कातकरी. पावसाळा सरला की घरंच्या घरं रानात जाऊन तळ टाकत. चांगला खैर हेरायचा, तोडण्याआधी त्याची पूजा करायची, नारळ वाढवायचा, शेंदूर लावायचा. मग साल आणि पांढरं लाकूड काढून आतला तांबडा गाभा घ्यायचा. त्याच्या बारीक ढलप्या करायच्या. मातीच्या मडक्यांच्या रांगा चुलाणांवर चढवायच्या आणि ढलप्या पाण्यात तासन्‌तास उकळायच्या. रस एका मडक्यातून दुसऱ्यात गाळत, आटवत न्यायचा. तो दाट होऊन काकवीसारखा ओघळू लागला की ओतून गार करायचा आणि घट्ट होत आला की हातानं वड्या पाडायच्या. खैराच्या धगीजवळ रात्रंदिवस कुणीतरी जागं लागतं. व्यापारी येऊन कात उचलत आणि तो मुंबईच्या पानवाल्याच्या डब्यात पोचे. या धंद्यात मालक नव्हता. रान होतं आणि ते सगळ्यांचं होतं.

१८७८ चा जंगल कायदा आला आणि ते रान सरकारचं झालं. राखीव, संरक्षित अशा रेघा पडल्या. खैर तोडणं गुन्हा ठरला, राबासाठी फांद्या छाटणं गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या कायद्यावरून इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. कमिशनपुढं आवाज चढला तो मुख्यतः जमीनदारांचा आणि शेतकऱ्यांचा. राबाचा हक्क, गुरचराई हे त्यांचे प्रश्न. कातकऱ्यांकडं ना जमिनीचा कागद, ना वकील. त्याच काळात मोहाच्या दारूवर अबकारीचा बडगा आला. इंग्रजी दप्तरांत त्यांच्यावर भुरट्या चोऱ्या करणारी जात असा शिक्का बसला. ज्याचं रान काढून घेतलं तो रानात दिसला तर चोरच ठरणार.

मग कातकरी काय करू लागले? कोळसा. राखीव जंगलातल्या कूपांचा ठेका शेटजी घेणार आणि भट्टीवर राबणार कातकरी. मुंबईच्या चुलींना आणि इस्त्र्यांना हा कोळसा लागत होता. तो धंदा मंदावल्यावर वीटभट्ट्या आल्या. पावसाळ्यात, हातात काम नसताना मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जायचं आणि मिरगाच्या तोंडावर परतायचं. हिशेबात उचल फिटलेली नसतेच. रायगडच्या किनारपट्टीवर, पेण-अलिबाग-पनवेलच्या खाड्यांच्या काठानं जिथं जिथं भट्टी पेटते किंवा खारबंदिस्तीचं काम निघतं तिथं डोंगरातला कातकरी असतो. ठाकर तरी उतारावरच्या दळी जमिनींना चिकटून राहिले. सरकारनं जंगलातले तुकडे नाचणी-वरीसाठी कसायला दिले, त्यांना या जिल्ह्यात दळी म्हणतात. कसायला दिले, नावावर केले नाहीत. तो तंटा २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत आणि त्याच्याही पुढं चालत आला.

आता आगगाडी. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून थोडक्यात. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बोहरी उद्योगपती. लष्कराला तंबू आणि बूट पुरवून मोठे झाले, १८९७ मध्ये मुंबईचे शेरीफ होते. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये नेरळपासून दोन फूट रुंदीचा रूळमार्ग बांधायला घेतला. वडिलांचे सोळा लाख रुपये लागले. २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली. वीस-एकवीस किलोमीटरचं अंतर, काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट चढ, नागमोडी वळणं आणि ती पार करायला जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची खास लवचीक आसांची इंजिनं. एका बापलेकानं घरचा पैसा घालून अशी रेल्वे बांधावी, हे धाडसच. मला या गाडीबद्दल आदर आहे आणि तिच्या डब्यात बसून बाहेर हात काढायचा मोहही आहे. पण खडक फोडले, भराव टाकले ते हात इतिहासाच्या पानांवर आलेले नाहीत.

गाडीनं माल वर येऊ लागला आणि डोक्यावरच्या ओझ्याची किंमत पडली. तरी हमाली संपली नाही, कारण स्टेशनापासून पुढं पुन्हा माणूसच. माथेरानात मोटारगाडी नाही याचं आपण कौतुक करतो. तिथं धूर नाही, भोंगा नाही, तांबड्या मातीचे रस्ते आणि वर झाडांची छत्री, हे सगळं खरं आहे. पण मोटार नाही म्हणून जे चालत आलं ते घोड्याच्या पायांवर आणि माणसाच्या बळावर. हातरिक्षा ही इंग्रजांच्या वेळची सोय. एक माणूस पुढं ओढणार, चढ आला की आणखी एकदोघं मागून ढकलणार, आत बसलेलं कुटुंब पॉइंट बघणार. ही हातरिक्षा स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षं चालली.

कारभाराच्या रेघाही याच काळात बदलल्या. माथेरान ज्यात मोडतं तो कर्जत तालुका १८९१ मध्ये ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात आला. १९०५ मध्ये माथेरानला नगरपालिका मिळाली. कुलाब्याचं रायगड १९८१ च्या १ जानेवारीला झालं.

डोंगराच्या चाकरीत असलेल्या माणसांतून एक नाव मात्र इतिहासात आपल्या पायांनी चालत आलं. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. साहेबांच्या आणि शेटजींच्या गावात बलुतेदाराचं घर म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ते पुण्या-मुंबईला शिकले, वकील झाले आणि वकिली न गाजवता परत कर्जत-नेरळ भागात आले. माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. पण त्यांचं खरं काम डोंगराच्या पायथ्याला. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा सावकार खावटी देतो आणि सुगीला तीच दीडपट-दुप्पट करून उचलून नेतो. भाईंनी धान्यकोठ्या काढल्या, सावकाराचा तो हंगामच मोडायचा प्रयत्न केला. गावोगाव, वाड्यावस्त्यांवर शाळा सुरू केल्या.

१९४२ आलं आणि शाळा काढणारा हा वकील भूमिगत झाला. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईच्या कारखान्यांकडं वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे करवतीनं कापून पाडायचा सपाटा लावला. युद्धकाळात मुंबईची वीज म्हणजे सरकारची नाडीच. रानाची माहिती, लपायची जागा, भाकरी आणि निरोप हे सगळं पायथ्याच्या वाड्यांवाचून शक्य नव्हतं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीनं दस्त्याला गाठलं. दस्त्यातले हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथं मारले गेले. भाईंचं वय तीस.

त्याच्या आधी बारा वर्षं, २५ सप्टेंबर १९३० ला, याच जिल्ह्यातल्या उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला होता. आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी अक्कादेवीच्या माळावर जमले, पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. मिठाचा कायदा मोडायला देश समुद्राकाठी गेला होता. चिरनेरचे लोक समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही डोंगराकडं वळले आणि जंगलाचा कायदा मोडायला निघाले, कारण त्यांच्या चुलीपर्यंत तो कायदा पोचला होता. रायगडच्या स्वातंत्र्यलढ्याचा हा डोंगरी धागा माथेरानच्या ‘शोधा’शी जोडून वाचला पाहिजे, असं मला वाटतं. सहसा तो तसा वाचला जात नाही. एक गोष्ट पर्यटनाच्या पुस्तिकेत पडते, दुसरी हुतात्म्यांच्या.

स्वातंत्र्यानंतर डोंगराचं रूप टिकलं, याचं श्रेय मोटारबंदीला आहे. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारनं माथेरान आणि आसपासचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. चांगलंच झालं, नाही तर कड्यांपर्यंत इमारती आल्या असत्या. पण पायथ्याच्या वाडीतल्या माणसाला रेघ ओळखीची. पूर्वी राखीव, आता संवेदनशील. वाडीला रस्ता मागितला की नियम आडवा येतो. खाली चौकच्या अंगाला मोरबे धरण झालं, तिथं काही वाड्या उठल्या आणि पाणी नवी मुंबईच्या नळांना गेलं. लुइसा पॉइंटवर उभं राहून पर्यटक ज्या निळ्या पाण्याचा फोटो काढतात ते हे.

आणि मग १९ जुलै २०२३ ची रात्र. प्रबळगडाच्या दक्षिणेला इर्शाळगड आहे, त्याच्या खांद्यावर इर्शाळवाडी होती. ठाकरांची वस्ती, चाळीसेक घरं, वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. कित्येक दिवसांच्या धुवाधार पावसानंतर रात्री दरड आली. बचावाचं पथक अंधारात, चिखलात चालत चढलं, कारण यंत्र वर नेता येत नव्हतं. फावडी आणि घमेली डोक्यावर, खांद्यावर घेऊन माणसं वर गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न जणांचा पत्ता लागला नाही, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडी नव्हती, असं सरकारनंच सांगितलं. वाचलेल्यांना चौकजवळ नवी घरं मिळाली. ज्या चौकहून मॅलेट निघाला त्याच गावाच्या हद्दीत ही वाडी मोडत होती.

इर्शाळगडावरून माथेरानचे पॉइंट सरळ समोर दिसतात. मधे दरी, पण डोंगर एकच. एका बाजूला दीडशे वर्षांत रेल्वे आली, वीज आली, नळ आले, हॉटेलं आली. दुसऱ्या बाजूला २०२३ मध्ये रुग्णाला झोळीत घालून उतरवत होते. माथेरानचंही फार लाडाकोडात चाललं होतं असं नव्हे. २००५ च्या जुलैच्या पावसात रेल्वेमार्ग वाहून गेला, तो परत उभा राहायला दोन वर्षं लागली. २०१९ च्या पावसानं पुन्हा तेच केलं आणि नेरळपासून गाडी धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. फरक हा की गाडी बंद पडली की वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात.

हातरिक्षांचा प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२२ मध्ये न्यायालयानं ई-रिक्षांची चाचणी घ्यायला परवानगी दिली, वर्षअखेरीला त्या रस्त्यावर आल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांचीही पोटं त्याच रस्त्यावर. न्यायालयानं पुढं सांगितलं की ई-रिक्षा द्यायच्या त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच, त्यांचा रोजगार गेला त्याची भरपाई म्हणून. ६ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं हातरिक्षा सहा महिन्यांत पूर्ण बंद करा, असा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढणं हे स्वातंत्र्याच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शोभत नाही, हा त्याचा रोख होता. परवानाधारक हातरिक्षा होत्या चौऱ्याण्णव.

पनवेलच्या बाजूनं धोदाणी, मालडुंगे इथल्या वाड्यांतली माणसं मात्र अजून पायवाटेनं सनसेट पॉइंटकडं चढतात. कुणाच्या डोक्यावर भाजीची पाटी, कुणाच्या हातात दुधाची कासंडी, कुणी हॉटेलातल्या रोजंदारीवर चाललेलं. हातरिक्षाला पालिकेचा परवाना लागायचा, म्हणून ओढणारे किती हे मोजता आलं आणि त्यांच्यासाठी न्यायालयात उभं राहता आलं. डोक्यावरच्या पाटीला परवाना लागत नाही. त्यामुळे १८५० पासून आजपर्यंत हा डोंगर किती जणांनी चढून नेला, त्याची नोंद कुठल्याच कचेरीला ठेवावी लागलेली नाही.